मित्राच्या कमिंग आउटवर कॉलेजसाठी छोटा माहितीपट करायचा आहे. तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या वर्षाला दहा मिनिटांचा माहितीपट द्यायचा आहे. जवळच्या मित्राने मागच्या वर्षी तुम्हाला तो गे असल्याचं सांगितलं, म्हणजे कमिंग आउट केलं, तो कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार आहे, आणि तुम्हाला कॅमेरा, लाइट आणि प्रश्न कसे ठरवायचे ते हवंय.

कॅमेऱ्याचं सांगते, पण नंतर. विद्यार्थी असताना मीही माझ्या मैत्रिणीवर अशीच एक फिल्म केली होती, नऊ मिनिटांची. त्या फिल्ममध्ये ज्या चुका झाल्या त्यातली एकही कॅमेऱ्याची नव्हती.

पहिली चूक होकाराची. मी विचारलं, "करू का तुझ्यावर?" ती म्हणाली, "कर." पुढच्या शनिवारी मी ट्रायपॉड घेऊन तिच्या दारात. बऱ्याच महिन्यांनी बोलता बोलता ती म्हणाली, "तुझी सबमिशनची तारीख तोंडावर आली होती, नाही कसं म्हणणार?" तिने होकार दिला होता तो माझ्या मार्कांसाठी. म्हणून आधी एक दुसरा विषय खरोखर तयार ठेवा, थोडं चित्रीकरणही करून ठेवा, आणि मित्राला ते दाखवा. तो नाही म्हणाला तर तुमचं काही अडणार नाही हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. त्यानंतरचा होकार धरा.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. कमिंग आउट एकदाच होऊन जात नाही. माणूस प्रत्येक वेळी समोरची व्यक्ती निवडतो आणि तिलाच सांगतो: आधी एक मैत्रीण, मग बहीण, मग कदाचित ऑफिसातलं कोणी. काहींना कधीच नाही. फिल्म मात्र सगळ्यांना एकाच वेळी सांगते आणि ही निवड त्याच्या हातून काढून घेते. ती त्याला परत कशी द्यायची, हे तुमचं खरं काम. लाइट-बिइट शिकता येतात.

तर एक दिवस कॅमेरा न नेता जा आणि दोन याद्या करा. एक, कोणाकोणाला माहीत आहे. दुसरी, कोणाला कळलेलं अजिबात चालणार नाही. दुसरी यादी फिल्मचा आराखडा ठरवते. त्या यादीतल्या एखाद्याचा भाचा तुमच्या वर्गात असेल, तर नुसतं वर्गातलं प्रदर्शनसुद्धा धोक्याचं आहे. वर्गात दाखवणं, महोत्सवाला पाठवणं आणि इंटरनेटवर टाकणं, या तिन्हींसाठी वेगवेगळा होकार घ्या, लेखी. माघार कधीपर्यंत घेता येईल तेही कागदावर असू द्या. पहिल्या दोन गोष्टी थांबवता येतात; एकदा नेटवर गेलेली फिल्म कोणी उतरवून घेतली की तुमच्याही हातात राहत नाही. ११ ऑक्टोबरला कमिंग आउट दिन असतो, १९८८ पासून. त्या मुहूर्तावर अपलोड करायचा मोह अनेकांना होतो. तारखेसाठी घाई करू नका.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. मैत्रिणीचा चेहरा दाखवायचा नव्हता, म्हणून मी तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं आणि काळी आकृती तेवढी टिपली. छान दिसत होतं. पहिली जोडणी, म्हणजे फिल्मचा कच्चा संकलित मसुदा, बघताना तीच म्हणाली, "मागे बघ." भिंतीवर तिच्या धाकट्या बहिणीचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता, बिल्ला वाचता येईल इतका स्पष्ट. मी ती फ्रेम पन्नास वेळा तरी पाहिली असेल!

काळ्या आकृतीवर तसाही फार भरवसा ठेवू नका. ओळखीची माणसं चालण्यावरून, हातवाऱ्यांवरून, हसण्यावरून ओळखतात. आवाजाची पट्टी बदलली तर ती बऱ्याचदा उलटी फिरवून मूळ आवाज काढता येतो. त्यापेक्षा त्याचं बोलणं लिहून काढून दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या आणि तसं पडद्यावर सांगा. फोनने चित्रीकरण करणार असाल तर कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद करा, नाहीतर घराचा ठावठिकाणा फाइलमध्येच नोंदला जातो. २०२१ च्या 'फ्ली' या डॅनिश माहितीपटात दिग्दर्शकाने किशोरवयापासूनच्या आपल्या मित्राची गोष्ट सांगितली आहे. मित्र निर्वासित आहे, गे आहे, त्याचं नाव बदललेलं आहे आणि चेहरा ॲनिमेशनमधला. मुलाखत देताना तो आडवा पडून, डोळे मिटून बोलतो. अख्खं ॲनिमेशन तुम्हाला झेपणार नाही, पण डोळे मिटून बोलायला सांगणं आणि फक्त आवाज ध्वनिमुद्रित करणं कोणालाही जमेल. कॅमेरा समोर नसला की माणूस निम्मा सैल होतो.

आई-वडिलांना सांगतानाचा प्रत्यक्ष क्षण चित्रित करायचा विचार असेल तर सोडून द्या. त्यांनी होकार दिलेला नसतो, बातमी नवी असते, आणि कॅमेऱ्यापुढे दोन्ही बाजू नाटक करू लागतात. शिवाय त्या रात्री त्याला घरात राहायचं असतं, तुम्हाला नाही.

निवेदन मराठीत लिहिणार असाल तर एक शब्द टाळा: 'कबुली'. "त्याने गे असल्याची कबुली दिली" असं सर्रास लिहिलं जातं. कबुली गुन्ह्याची देतात. "सांगितलं" पुरेसं आहे. मित्र स्वतःसाठी कोणता शब्द वापरतो, गे, समलिंगी, क्वीअर (रूढ चौकटीत न बसणाऱ्या सगळ्यांसाठीचा व्यापक शब्द) की काहीच नाही, ते विचारा आणि तोच ठेवा. मराठीत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे क्रियापद. 'भेटला' की 'भेटली' यावरून जोडीदार पुरुष की स्त्री ते आपोआप कळतं, 'घाबरलो' की 'घाबरले' यावरून बोलणारा कोण ते कळतं. काही लपवायचं असेल तर वाक्यच वेगळं बांधावं लागतं. व्यक्ती ट्रान्स असेल, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा तिची ओळख वेगळी असेल, तर लहानपणीचे प्रसंग सांगतानाही क्रियापद कोणतं, जुनं नाव आणि जुने फोटो चालतील का, हे आधी विचारायचं.

मुलाखतीत माझा पहिला तास वाया गेला. "घरच्यांची प्रतिक्रिया काय होती?", "तुला कधी जाणवलं?" असे प्रश्न मी विचारत होते आणि ती मुलाखतीत देतात तशी घडीव उत्तरं देत होती. मग कंटाळून मी विचारलं, "सांगायच्या आधी वाक्याची तालीम केली होतीस?" ती हसायलाच लागली. बाथरूमच्या आरशासमोर कितीतरी वेळा केली होती म्हणे. सुरुवातीला पाच-सहा वाक्यांचं भाषण होतं, रोज त्यातलं एकेक वाक्य गळत गेलं. शेवटी मोठी बहीण कपड्यांच्या घड्या घालत असताना ती म्हणाली, "ताई, मला मुली आवडतात." ताई काही बोलली नाही. तिने हातातल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तीन वेळा. मग म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस?"

फिल्म मला तिथे सापडली. "काय वाटलं?" विचाराल तर 'भीती', 'मोकळं वाटलं' असले शब्द मिळतील. "तेव्हा हातात काय होतं, खोलीत कोण होतं, आधीचं वाक्य कोणतं होतं" असं विचारा. आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनातल्या मनात दहा मोजा. तिचं टॉवेलचं वाक्य अशाच शांततेनंतर आलं होतं.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: सांगितल्यावर कोण कोण भेटलं? गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'कमिंग आउट' म्हणजे समलिंगी लोकांच्या वर्तुळात पहिल्यांदा पाऊल टाकणं असा अर्थ होता. श्रीमंत घरातल्या मुलींना समारंभाने समाजापुढे आणायची जी पद्धत होती, तिच्यावरून तो शब्द उचललेला. कपाटातून बाहेर येण्याची, म्हणजे लपवलेलं उघड करण्याची, प्रतिमा नंतर येऊन चिकटली. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये आई-वडिलांचं रडणं असतं, पण आपल्यासारखी माणसं सापडल्याचा आनंद क्वचित दिसतो. मित्राकडे तो असेल तर एक-दोन मिनिटं त्याला द्या.

दृश्यांबद्दल माझी चीड आहे, ती सांगून टाकते. खिडकीबाहेर पाहणारा पाठमोरा मुलगा, काचेवरचे थेंब, हळूच उघडणारं दार, शेवटी समलिंगी चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा. यातलं काहीच तुमच्या मित्राचं नाही. मी शेवटी दोन हात आणि एक टॉवेल एवढंच चित्रित केलं, माझेच हात. चेहऱ्याचा प्रश्नही तिथेच सुटला.

तांत्रिक बाजू थोडक्यात. चित्र थोडं खराब असलं तर लोक चालवून घेतात, आवाज खराब असला की उठून जातात. कॉलर माइक घ्या, नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून छातीच्या खिशात ठेवा. पंखा आणि फ्रिज बंद करा. शेवटी दोघंही गप्प बसून अर्धा-एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, संकलनात सांधे झाकायला लागतो. तुमचे स्वतःचे प्रश्न फिल्ममधून कापू नका. तुम्ही त्याचे मित्र आहात, तटस्थ वार्ताहर असल्याचं सोंग कशाला?

जोडणीआधी सगळं बोलणं शब्दशः लिहून काढा आणि आधी कागदावरच कापाकापी करा. पहिली जोडणी सरांच्या आधी मित्राला दाखवा, एकट्याला. काही शिक्षक म्हणतील की फिल्म पूर्ण होण्याआधी ज्याच्यावर ती आहे त्याला दाखवू नये, दिग्दर्शकाचं स्वातंत्र्य जातं. मंत्र्यावर फिल्म करत असता तर मीही तेच म्हटलं असतं. इथे तो 'हे काढ' म्हणाला की काढायचं, कारण न विचारता.

माझ्या मैत्रिणीने दोन गोष्टी काढायला लावल्या. त्यातली एक माझ्या मते फिल्ममधली सर्वात चांगली चाळीस सेकंदं होती, अजून वाईट वाटतं. फिल्म वर्गात एकदाच दाखवली. नेटवर टाकायला ती नाही म्हणाली, मी टाकली नाही. तीन वर्षं ती एका हार्ड डिस्कवर पडून होती. मागच्या वर्षी तिचा मेसेज आला, कॉपी पाठवतेस का. पाठवली. कोणाला दाखवली ते मी विचारलं नाही.