चिलीतील कोंबडीचे हाड आणि पॉलिनेशियन खलाशी

चिलीत सापडलेल्या कोंबडीच्या हाडामुळे पॉलिनेशियन (प्रशांत महासागरातील बेटांवरचे) खलाशी कोलंबसाच्या आधी दक्षिण अमेरिकेत पोहोचल्याचे सिद्ध झाले का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र हाडाचे वय आणि त्या कोंबडीचे कूळ हे दोन मुद्दे वेगळे ठेवले, तरच वाद नेमका कुठे अडला आहे ते कळते.

कोंबडी ही आग्नेय आशियातील रानकोंबड्यांची वंशज. भर समुद्रातील बेटांवर ती आपण होऊन पोहोचणे अशक्यच, त्यामुळे व्हानुआतूमधील तेओउमा येथील सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या लापिता (पॉलिनेशियनांच्या पूर्वजांची संस्कृती) स्थळी किंवा ईस्टर बेटावरील अनाकेना येथे मिळालेले तिचे हाड म्हणजे माणसाने तिला होडीतून नेल्याचाच पुरावा. (न्यूझीलंडला मात्र माओरींबरोबर कुत्रा आणि उंदीर गेले, कोंबडी तिथे टिकली नाही.) अर्थात पथ्ये पाळावी लागतात. मेगापोड या स्थानिक पक्ष्यांच्या हाडाचा तुकडा कोंबडीचा वाटू शकतो. खेकड्यांच्या बिळांतून वरच्या थरातील हाड खालच्या थरात उतरते, म्हणून शेजारच्या कोळशावर विसंबण्यापेक्षा हाडातील कोलॅजेन या प्रथिनाचेच वय मोजलेले बरे. त्यातही, पक्ष्याने समुद्री खाद्य खाल्ले असेल, तर रेडिओकार्बनचे (किरणोत्सारी कार्बनवरून मोजलेले) वय प्रत्यक्षाहून जास्त दिसते.

चिलीतील एल अरेनाल येथील हाडाचे वय २००७ मध्ये इ. स. १३०४ ते १४२४ असे आले; म्हणजे स्पॅनिश लोकांच्या आगमनापूर्वीचे. त्याचा मायटोकॉण्ड्रियल (फक्त आईकडून येणारा) डीएनए पॉलिनेशियातील जुन्या हाडांशी जुळतो, असेही संशोधकांनी मांडले. आक्षेप लगेच, २००८ मध्येच आला: जुळणारा हा ‘ई’ नावाचा डीएनए गट जगभरच्या कोंबड्यांत सर्रास आढळतो, तेव्हा त्यावरून कूळ ठरत नाही. २०१४ च्या अभ्यासात तर, दूषितीकरण टाळून तपासलेल्या पॉलिनेशियन हाडांत ‘डी’ गटच मिळाला आणि आधीचा ‘ई’ गट आधुनिक कोंबडीच्या डीएनएच्या मिसळीतून आला असावा, असे अनुमान निघाले. प्रयोगशाळेतील रसायनांतूनही असा डीएनए शिरू शकतो, त्यामुळे हा आक्षेप मला वजनदार वाटतो. मूळ संशोधकांना तो मान्य नाही.

पॉलिनेशिया आणि दक्षिण अमेरिका यांचा संपर्क झाला होता, याला मजबूत आधार आहे तो मूळच्या अमेरिकेतील, पण पॉलिनेशियात पोहोचलेल्या रताळ्याचा आणि २०२० मधील मानवी डीएनएच्या अभ्यासाचा, त्यात इ. स. १२०० च्या सुमाराचा काळ निघतो. एल अरेनालचे हाड त्या साखळीत बसवायचे असेल, तर पॉलिनेशियन कोंबड्यांत आढळलेला ‘डी’ गटातील चार बदलांचा ठसा त्यात मिळायला हवा.