वॉटर पार्क, प्रदर्शन अशा ठिकाणच्या गर्दीचं सिम्युलेशन कोणत्या सॉफ्टवेअरवर करावं?

तुम्ही विचारलंय की वॉटर पार्कात किंवा प्रदर्शनात येणारे लोक कसे फिरतील, कुठे अडतील हे आधी कम्प्युटरवर बघायचं असेल तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं. नावं खाली देतो. त्याआधी तुमच्या गेटला फळ्या, म्हणजे उघडणारी दारं, किती आणि त्यांतली रोज बंद कुठली असते, एवढं बघून या.

मी बेळगावचा, शहापुरातला. माझे दाजी तेव्हा एका उन्हाळी प्रदर्शनात पाळणे आणि खाण्याचे स्टॉल बघायचे. मी एम.टेक.ला पायी चालणाऱ्यांच्या हालचालीवर प्रोजेक्ट करत होतो, म्हणून मे महिन्यातले रविवार त्या मैदानाच्या गेटवर काढले. कॅमेरा नव्हता. दर पंधरा मिनिटांनी तिकीट देणाऱ्या मुलाकडे जायचं आणि तिकीटपुस्तकातला चालू नंबर वहीत उतरवायचा. पाच ते आठ या वेळात तासाला साधारण सोळाशे माणसं आत यायची आणि एकेक कुटुंब अडीच तास तरी हलायचं नाही. गुणाकार केला की आठच्या सुमाराला आत चार हजार. यालाच लिटलचा नियम म्हणतात, १९६१ साली जॉन लिटल यांनी तो सिद्ध केला.

आता बाहेर पडायचं बघा. गेट तीन मीटर रुंद. सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, असं ब्रिटनमधल्या मैदानांच्या सुरक्षा नियमावलीत धरतात. तीन मीटरला २४६. चार हजार माणसांना सोळा-सतरा मिनिटं, चालेल. पण तिकीट चुकवून कोणी आत शिरू नये म्हणून त्या गेटची एक फळी साखळी घालून बंद ठेवायचे. दीड मीटर उरला, म्हणजे मिनिटाला १२३ माणसं. साडेबत्तीस मिनिटं.

हा कागद मी तिसऱ्या रविवारी दाजींना दाखवला. ते म्हणाले, "लोकं येतात, पाळण्यात बसतात, भेळ खातात, जातात. त्यात गणित कसलं करूलास?" साखळी तशीच राहिली.

चौथ्या रविवारी आई माझ्याबरोबर होती. आठला वारा सुटला आणि वळीव आला. नुसता पाऊस नाही, स्टॉलचे पत्रे वाजायला लागले, लाईट गेली. त्यात चंदगड आणि खानापूरकडच्या मंडळींना शेवटची गाडी गाठायची होती, ती आधीच निघायच्या बेतात होती. सगळे एकदम गेटकडे. भेळेचे गाडे आणि पाळण्याची रांग यांच्यामधून गेटकडे जी वाट होती ती मुळातच अरुंद, आणि मागून येणाऱ्याला पुढे फळी बंद आहे हे कळायचं काही साधन नव्हतं. माझ्या हातातून आईचा हात सुटला. ती त्या बंद फळीवर दाबली गेली आणि तिचं मनगट मोडलं. माणसं गेली नाहीत हे नशीब.

दाजी आजही म्हणतात, पाऊस देवाच्या हातात, त्याला कम्प्युटर काय करणार. माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. बेळगावात मे महिन्यात वळीव यायचाच. जे यायचंच आहे ते देवावर ढकलता येत नाही. उलट सिम्युलेशन करायचं ते त्याच अर्ध्या तासाचं. कोरड्या रविवारचं करून काय मिळणार? त्या दिवशी लोक आपापले नीट घरी जातातच. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली, तेव्हाही पावसामुळे लोक जिन्यात थांबून राहिले होते.

आता मॉडेलबद्दल. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार या संशोधकांचं १९९५चं मॉडेल बहुतेकांना माहीत असतं: प्रत्येक माणसाला त्याचं ठिकाण ओढतं, आणि बाकीची माणसं व भिंती त्याला दूर लोटतात. हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली त्यावरूनच दाखवलं की दाराशी सगळ्यांनी घाई केली की दार तुंबतं आणि बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. म्हणजे माझी साडेबत्तीस मिनिटंही शांतपणे चालणाऱ्या लोकांची होती, भिजत पळणाऱ्यांची नव्हे.

दाटी समजून घ्यायची तर तीन बाय सहा फुटांची कॉट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पावणेदोन चौरस मीटरला थोडी कमी. तेवढ्या जागेत सहा-सात जण उभे राहिले की चाल मरते. दहा-बारा झाले की माणूस स्वतःच्या पायावर राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. सिम्युलेशनच्या नकाशावर एवढ्या दाटीचा एक जरी ठिपका दिसला तरी आराखडा बदला.

आणि तयार सॉफ्टवेअरमध्ये एकेकटी, सुटी माणसं सोडू नका. आपल्याकडे प्रदर्शनाला एकटा कोण जातो? आजी, दोन पोरं, काखेत तिसरं, हातात फुगा. ते एकमेकांना सोडत नाहीत आणि सुटले तर उलटे फिरतात. उलटं फिरणारा एक माणूस अरुंद वाटेत काय करतो ते मी पाहिलंय. चालण्याचा वेगही परदेशी आकड्यांवरून घेऊ नका. भारतीय आणि जर्मन लोकांना एका रांगेत चालवून केलेला २००९चा अभ्यास सांगतो की दाटी वाढली तरी आपला वेग त्यांच्याइतका पडत नाही, कारण आपण जवळजवळ चालतो.

सॉफ्टवेअर: शिकायला नेटलोगो, फुकट आहे. खरं काम करायला जुपेडसिम किंवा वादेरे, दोन्ही जर्मनीतली, दोन्ही फुकट. एनीलॉजिक चांगलं आहे, पण धंद्यासाठी वापरायचं तर पैसे पडतात. वॉटर पार्कात घसरगुंडीच्या रांगा वेगळ्या मांडाव्या लागतील, त्यातलं मी केलेलं नाही. आणि गोकाकच्या धबधब्यासारख्या उघड्या जागेला हे सगळं फारसं लागू नाही. तिथे प्रश्न दाराचा नसून निसरड्या खडकाचा आणि कठड्याचा आहे.

आईला अजून ओला कपडा पिळता येत नाही. दाजी इथली उत्तरं वाचतात हे मला माहीत आहे. दाजी, चार हजार भागिले १२३ एकदा स्वतः करून बघा. आणि येत्या मेला त्या गेटची साखळी काढा. तिकीट तपासायला दोन पोरं जास्त लागली तर त्यांचा पगार मी देतो.