जिवाणूंच्या बाह्य पटलाची राखण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ई. कोलायसारख्या जिवाणूंना दोन पटले असतात आणि मधल्या जागेत पाणी असते. मेद पाण्यात विरघळत नाही, मग आतल्या पटलात तयार झालेला मेद बाहेरच्या पटलापर्यंत पोचतो कसा?
(बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, देवगड)

उत्तर : बाह्य पटलाचे दोन थर सारखे नसतात. आतल्या थरात फॉस्फोलिपिड हा फॉस्फेट असलेला मेद असतो, तर बाहेरच्या थरात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, हा शर्करेच्या साखळ्या जोडलेला मेद. जिवाणूची तटबंदी या विषमतेवरच उभी आहे. खाडी ओलांडायला पूल असतो किंवा तर, म्हणजे होडी, असते. इथे दोन्ही आहेत. एलपीएस पुलावरून जाते. 'एलपीटी' नावाच्या, ए ते जी अशा सात प्रथिनांची ही सलग साखळी असते. बाह्य पटलाजवळ एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा देणारे इंधन, नसते, म्हणून सगळा जोर आतल्या पटलातून लावला जातो. ई. कोलायवर एलपीएसचे सुमारे दहा लाख रेणू असतात आणि अनुकूल स्थितीत पेशी 20 मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे दर मिनिटाला पन्नास हजारांच्या आसपास रेणू पार करावे लागतात.

फॉस्फोलिपिड बाहेर नेण्यात टॅमबी, वायएचडीपी आणि वायडीबीएच या लांबट प्रथिनांचा हात आहे, हे 2021-22 मध्ये पुढे आले. त्याआधी 2009 मध्ये 'एमएलए' यंत्रणा सापडली होती. चुकून बाहेरच्या थरात शिरलेले फॉस्फोलिपिड एमएलएए उचलते, एमएलएसी ते मधल्या पाण्यातून आतल्या पटलाकडे परत नेते. ही झाली ती होडी. पटल एकदा बांधून भागत नाही, त्याची डागडुजी सतत चालू ठेवावी लागते.

प्रश्न : 0.5 टक्के एसडीएस (साबणासारखे, पटल विरघळवणारे रसायन) आणि 1 मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारे रसायन) घातलेल्या पोषक माध्यमाच्या प्लेटवर एमएलए नसलेल्या ई. कोलायची वाढ पूर्ण थांबली. खाडीतून वेगळे केलेले व्हिब्रियो हे जिवाणू मात्र त्याच प्रमाणात छान वाढले. त्यांचे माध्यम आम्ही खाडीच्या पाण्यातच केले होते. त्यांचे पटल इतके भक्कम असते का?
(सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक, मालवण)

उत्तर : या प्रयोगावरून तसे म्हणता येणार नाही. शेजारशेजारच्या एलपीएस रेणूंवरच्या ऋणभारित फॉस्फेटना मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन एकत्र धरून ठेवतात. ईडीटीए हे आयन काढून घेते, एलपीएस सुटते, मोकळ्या जागी फॉस्फोलिपिड येते आणि तिथून एसडीएस आत शिरते. एमएलए नसेल तर ते फॉस्फोलिपिड मागे नेले जात नाही, म्हणून तो वाण मरतो. पण ईडीटीएचा एक रेणू एकच आयन धरतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम साधारण 53 आणि कॅल्शियम 10 मिलिमोलर असते, त्यामुळे तुमचे 1 मिलिमोलर ईडीटीए पेशीपर्यंत पोचण्याआधीच संपले. शिवाय खाडीचे पाणी पावसाळ्यात गोडे होते, म्हणजे हाच प्रयोग मे महिन्यात एक निकाल देईल आणि जुलैत दुसरा.

माध्यम ऊर्ध्वपातित पाण्यात करा आणि त्यात 3 टक्के शुद्ध सोडियम क्लोराइड घाला. मीठ वगळू नका. बहुतेक व्हिब्रियो त्याविना वाढत नाहीत आणि तो परिणाम ईडीटीएचा आहे असे वाटेल. शिरोड्याच्या मिठागरातले खडे मीठही नको, त्यात मॅग्नेशियम असते.

ईडीटीएचे 0.5 मोलर द्रावण करायला डायसोडियम डायहायड्रेट क्षार 18.6 ग्रॅम घेऊन एकूण 100 मिलिलिटर करायचे. सामू 8 च्या जवळ येईपर्यंत तो विरघळत नाही, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड थोडे थोडे घालत जा. निर्जंतुक माध्यम 50 ते 55 अंशांवर आले की दर 100 मिलिलिटरला हे द्रावण 0.2 मिलिलिटर आणि 10 टक्के एसडीएस 5 मिलिलिटर घाला. फेस येतो, त्यामुळे हलकेच फिरवा. एसडीएसची पूड तोलताना तोंडाला मास्क हवाच. पोटॅशियमयुक्त बफर वापरलात तर एसडीएस साका धरून तळाशी बसेल. जास्त मिठात ते गारठ्यानेही साकळते, म्हणून प्लेट फ्रीजमध्ये ठेवू नका आणि 30 ते 37 अंशांवरच वाढवा.

प्लेट चार प्रकारच्या हव्यात : काहीच न घातलेली, फक्त एसडीएस, फक्त ईडीटीए, आणि दोन्ही. दहापट विरलनांचे 5 मायक्रोलिटरचे थेंब द्या. पाचव्या प्लेटमध्ये दोन्ही घालून वर 5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घाला. तिथे वाढ परत आली, तर मार आयनांच्या अभावानेच बसला होता असे समजा. पाचवी प्लेट बहुतेक जण गाळतात, आणि निकालाचा अर्थ लावताना नेमके तिथेच अडते. व्हिब्रियोंमध्ये रोगकारक जातीही आहेत, तेव्हा हातावर जखम असेल तर विद्यार्थ्यांना या कामाला बसवू नका.

प्रश्न : कोळंबीच्या तळ्यात व्हिब्रियो वाढले की कोलिस्टिन हे प्रतिजैविक घालावे, असे सुचवले जाते. घालावे का?
(कोळंबी संवर्धक, रायगड)

उत्तर : अजिबात नाही. जुलै 2019 पासून भारतात अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि खाद्यपूरके यांत कोलिस्टिनला बंदी आहे. माणसाचे इतर प्रतिजैविक चालेनासे झाले की हे औषध उरते. ते एलपीएसच्या त्याच फॉस्फेटना मॅग्नेशियमच्या जागी चिकटते, त्यामुळे खाऱ्या पाण्यातले भरपूर मॅग्नेशियम त्याचा परिणामही कमी करते. एलपीटीचा पूल अडवणाऱ्या झोसुराबालपिन या नव्या औषधावरचे संशोधन जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते औषध ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूवर चालते, तळ्यातल्या व्हिब्रियोंसाठी नाही. तळाचा गाळ काढणे आणि शिल्लक खाद्य कमी करणे, इकडेच आधी लक्ष द्या.