द स्मिथ्स या 1980 च्या दशकातल्या इंग्लिश रॉक बँडमध्ये मॉरिसी, मार, रॉर्क आणि जॉइस असे चौघेच होते ना? मग डेल हिबर्ट कोण, आणि त्याला का काढलं?

चौघे नंतर झाले. 1982 च्या उन्हाळ्यात बँड म्हणजे दोघेच होते: 18 वर्षांचा गिटारवादक जॉनी मार आणि त्याच्याहून साडेचार वर्षांनी मोठा गायक मॉरिसी. मँचेस्टरला लागून असलेल्या स्ट्रेटफर्डमध्ये, 384 किंग्ज रोडवर, मारने जाऊन त्याचं दार ठोठावलं. ओळख करून द्यायला स्टीव्ह पॉमफ्रेट सोबत होता. सुरुवातीच्या तालमींना तोही गिटार घेऊन यायचा, पण लवकरच बाजूला झाला.

आता हिबर्ट. तो बेस गिटार वाजवायचा आणि डेसिबेल नावाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करायचा. नव्या, कफल्लक बँडला रात्री रिकामा स्टुडिओ मिळणं म्हणजे लॉटरीच! माझ्या मते त्याची निवड बेसइतकीच त्या स्टुडिओसाठीही झाली. पहिला डेमो, म्हणजे कंपन्यांना ऐकवायचं नमुना रेकॉर्डिंग, तिथेच झाला. त्यावर ड्रम्स वाजवले सायमन वोल्स्टनक्रॉफ्टने, पण बँडमध्ये यायला त्याने नकार दिला. (वाजवण्यात खोट नव्हती हं. पुढे द फॉल या बँडमध्ये त्याने अकरा वर्षं काढली.) मग आला माइक जॉइस. आधी पंक बँडमध्ये वाजवणारा हा पठ्ठ्या निवडीच्या दिवशी नशेचे मशरूम खाऊन आला होता, असं तो स्वतःच सांगतो. तरी घेतला!

4 ऑक्टोबर 1982 ला मँचेस्टरच्या रिट्झ या नाइटक्लबमध्ये पहिला कार्यक्रम झाला तेव्हा बेसवर हिबर्टच होता. शिवाय पाचवा माणूसही स्टेजवर होता: मॉरिसीचा मित्र जेम्स मेकर. काम काय, तर उंच टाचांचे बूट घालून नाचायचं. पुढच्या कार्यक्रमातही तो होता, नंतर त्याची गरज उरली नाही.

हिबर्टचं तेच झालं. डिसेंबरमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या पैशांनी नवा डेमो करायचा ठरला आणि मारने आपला शाळेतला दोस्त अँडी रॉर्क आणला. दोघं आधी एका फंक बँडमध्ये एकत्र वाजवायचे, त्यामुळे हात जुळलेले. मी स्वतः बेस वाजवतो, म्हणून माझं मत पक्षपाती समजा, पण हा बदल नसता तर पुढचं काहीच तसं वाजलं नसतं. त्यांचं ‘दिस चार्मिंग मॅन’ हे गाणं लावा आणि मारची गिटार विसरून फक्त बेस ऐका. तो कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) मूळ सुराशी ठाण मांडून बसत नाही, स्वतःची वेगळी चाल गात सुटतो. मी दोन आठवडे घासलं तरी माझा हात अजून अडखळतो.

ईएमआयने हात झटकले. 25 जानेवारी 1983 ला हे चौघे पहिल्यांदा एकत्र स्टेजवर आले आणि मे महिन्यात रफ ट्रेड या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडून पहिली सिंगल (एका गाण्याची रेकॉर्ड) निघाली.

पण ‘चौघे’ म्हणताना एक लक्षात घ्या. रफ ट्रेडच्या करारावर सह्या दोघांच्याच होत्या, मॉरिसी आणि मार. कमाईची वाटणीही तशीच: त्या दोघांना 40-40 टक्के, बाकी दोघांना 10-10. किंग्ज रोडवर जे दोघांचं दुकान सुरू झालं, ते कागदावर दोघांचंच राहिलं. बाकीचे कामाला ठेवल्यासारखे, मग तो हिबर्ट असो की रॉर्क. जॉइस कोर्टात गेला आणि 1996 मध्ये 25 टक्के हिस्सा जिंकला. रॉर्कने मात्र त्याआधीच, कर्जात असल्यामुळे, 83,000 पौंड घेऊन 10 टक्के मान्य करून टाकले होते.