दापोलीला सुट्टीसाठी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेताय? मग हे वाचा

बुकिंगआधी मालकांना फोन करा आणि थेट स्वयंपाकघराचं विचारा. सिलिंडर भरलेला आहे का, कुकर, विळी, मोठी कढई आहे का. वीज गेली तर पाण्याचं काय, हेही विचाराच. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, पंप बहुतेक ठिकाणी चालत नाही.

घरून मसाला आणि धारेची सुरी न्या. नारळ, आमसुलं, तांदूळ तिथे मिळतात.

मासे मात्र दापोलीजवळच्या हर्णै बंदरावरच घ्या. संध्याकाळी होड्या लागतात, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला आणि किनाऱ्यावर माशांचा लिलाव, बघायलाच हवा असा! पण लिलावात टोपलीच्या टोपली जाते, चार माणसांना तेवढं नको. बाजूला बसलेल्या मावशींकडून वाट्याने घ्या. बांगड्याचा कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. पोटावर बोट दाबलं आणि खळगा तसाच राहिला तर पुढे चला. साफ तिथेच करून घ्या, नाहीतर खवले घरभर होतात. घासाघीस जपून करा, त्या बायका पहाटेपासून राबत असतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट, कडधान्यं आणि बाजारात येणाऱ्या रानभाज्यांवर स्वयंपाक आखा. मला तर हाच काळ आवडतो, डोंगर हिरवेगार असतात. फक्त घाट दिवसाउजेडी उतरा, धुक्यात वळणं दिसत नाहीत. आणि ओला कचरा मालकांना विचारून माडाच्या आळ्यात टाका, प्लॅस्टिक परत घेऊन या.