जुन्या जीपच्या रेडिएटर फॅनचं एक पातं तुटलंय. समोरचं पातं कापून चालेल का? नवा फॅन घरी बसवता येतो का?

समोरचं पातं कापू नका. आणि नवा फॅन येईपर्यंत गाडी चालूसुद्धा करू नका, अंगणातल्या अंगणात हलवायलाही नाही.

तुमची गाडी 25 वर्षांची महिंद्रा कमांडर, डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन. चढावर थरथर जाणवली म्हणून बॉनेट उघडलंत, तर एक पातं मुळापासून गेलेलं. समोरचं कापलं की बॅलन्स होईल, असं मेकॅनिक म्हणतो. त्याच्या म्हणण्यात वरवर तथ्य आहे, पण पात्यांमधलं अंतर सगळ्या फॅनमध्ये सारखं नसतं. आवाज कमी व्हावा म्हणून कित्येक फॅनमध्ये ते मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे ‘बरोबर समोरचं’ पातं असतंच असं नाही. शिवाय जे पातं तुटलं त्याच्याच वयाची, तितकीच उष्णता आणि हादरे सोसलेली बाकीची पाती आहेत. फॅन 15 इंची धरा, इंजिनाच्याच वेगाने फिरतोय असं धरा. 3000 आरपीएमला पात्याचं टोक ताशी 200 किलोमीटरच्या वर जातं. दुसरं पातं निसटलं तर रेडिएटर फाडेल, बॉनेटला भोक पाडेल. त्या वेळी कुणी वाकून इंजिन बघत असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

आता माझा अनुभव, कारण तुमच्या प्रश्नात जे विचारलेलं नाही ते त्यात आहे. माझ्याही जीपचं पातं असंच तुटलं होतं. मी नवा फॅन आणला, तासाभरात बसवला, खूश झालो. चार महिन्यांनी वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात पुढून खर्र-खर्र आवाज आला. उतरून पाहिलं, तर काऊलच्या, म्हणजे फॅनभोवतीच्या गोल आवरणाच्या, आतल्या बाजूला खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा चकचकीत घासलेला पट्टा, आणि नव्या फॅनच्या दोन पात्यांची टोकं झिजलेली. फॅन हाताने धरून हलवला तर तो ज्यावर बसतो त्या वॉटर पंपाच्या शाफ्टसकट डुगडुगत होता. बेअरिंग आधीपासूनच गेलेलं. पहिलं पातंही त्यानेच खाल्लं होतं, आणि मी फक्त पातं बघत बसलो.

म्हणून फॅन विकत घ्यायच्या आधी तो का तुटला ते शोधा. इंजिन थंड असताना तुटका फॅन वर-खाली आणि पुढे-मागे हलवून बघा. जरासाही खेळ लागला तर पंपाचं बेअरिंग गेलंय. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथे ओल किंवा कूलंटचा सुकलेला डाग दिसला तर सीलही गेलंय. मग पंप आणि फॅन एकदमच बदला. दुसरा संशयित म्हणजे इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर टेकलेलं असतं ते रबरी आधार. त्यांचं रबर दबून बसलं की इंजिन खाली येतं, ॲक्सिलरेटर दाबला की एका अंगाला झुकतं, आणि फॅन काऊलला लागतो. काऊलवर घासल्याची खूण फक्त एकाच बाजूला असेल तर मी आधी फाउंडेशन बघेन.

फॅन नवाच घ्या. जुन्या बाजारातल्या फॅनला मुळाशी केसासारखी चीर असू शकते, ती तेलकट धुळीत दिसत नाही. दुकानात जाताना जुना फॅन बरोबर न्या आणि व्यास, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पात्यांचा कल आणि मधलं मोठं भोक जुळवा. ते मधलं भोक हबच्या, म्हणजे पंपाच्या ज्या तबकडीवर फॅन बसतो तिच्या, उंचवट्यावर घट्ट बसायला हवं. ते सैल असलं तर फॅन नुसत्या बोल्टांवर लटकतो आणि कधीच नीट मध्यावर फिरत नाही.

घरी बसवता येतो, आणि जीपला जागाही बरी असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, किल्ली खिशात ठेवा. रेडिएटर आणि फॅनच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा, कारण पाना सुटला की जाळीच्या पट्ट्या दुमडतात. काऊलचे बोल्ट काढून ते इंजिनाकडे सरकवा. आता एक गोष्ट क्रमाने करायची. फॅनचे चार बोल्ट आधी सैल करा, बेल्ट नंतर. बेल्ट ताणलेला असतो तोवर पुली अडून राहते. तो आधी सोडलात तर पान्याबरोबर फॅन फिरत बसेल. फॅन आणि पुलीच्या मध्ये स्पेसर (अंतर राखणारा जाड तुकडा) असेल तर तो होता तसाच परत बसवा, नाहीतर फॅन एक तर रेडिएटरला भिडेल किंवा काऊलच्या बाहेर राहील.

काढण्याआधी फॅनचा फोटो घ्या. उलटा बसवला तर हवा उलटी फिरते असं बरेच जण समजतात. तसं नाही. हवा त्याच दिशेने जाते, पण पात्याची वाकण चुकीच्या बाजूला आल्यामुळे बरीच कमी जाते. त्यामुळे चूक लगेच कळत नाही. सपाट रस्त्यावर गाडी ठीक वाटते आणि घाटात तापमानाचा काटा वर चढतो.

बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत आवळा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबेल इतका ताणा. काऊल परत लावाच. ते अडचण करतं म्हणून काढून फेकणारे मी पाहिलेत, पण त्याच्याशिवाय फॅन आजूबाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. मग फॅन हाताने पूर्ण एक फेरा फिरवा आणि चारही बाजूंनी फट बघा. तुटलेल्या पात्याने रेडिएटरला मारलंय का तेही पाहा, जाळीत एखादी ओली रेघ दिसते का ते बघा.

चालू करताना फॅनच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा. सैल बाही, ओढणी, गळ्यातला टॉवेल काहीही जवळ नको. इंजिन आयडलवर असताना पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटायला हवा.

त्या दिवशी घाटात मी फॅन काढून टाकला आणि उतारावरून वाईला परत आलो. उतरताना इंजिनावर ताण नसतो, म्हणून ते जमलं. चढावर असा प्रयत्न करू नका. फॅन काढल्यावर तेच बोल्ट परत लावले तर ते लांब पडतात आणि पुली ढिली राहते, म्हणून मी खाली वॉशर घातले होते.

नवा फॅन बसवल्यावर 100 एक किलोमीटरनी बोल्ट आणि बेल्ट पुन्हा एकदा तपासा. नवा बेल्ट टाकला असेल तर तो तेवढ्यात सैल पडतोच.