साहेबांचं डोंगल तुझ्या खणात कशाला?

ताई,
मी घणसोलीला राहते, वय ३४. ठाण्यात पाणीपुरवठ्याच्या एका सार्वजनिक संस्थेत अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काम करते. पाणीयोजनांसाठी केंद्राकडून आणि राज्याकडून येणाऱ्या अनुदानाचा सगळा हिशेब माझ्याकडे असतो. फेब्रुवारी ते एप्रिल घरी यायला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. मुलगी सासूबाईंकडे असते, पण मार्च आला की त्या माझ्याशी बोलणंच टाकतात. यंदा ३१ मार्चला शेवटचं देयक काढून, यूसी (अनुदान ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र) अपलोड करून निघायला रात्रीचे सव्वाअकरा झाले. साहेब गावच्या यात्रेला साताऱ्याकडे गेले होते, त्यामुळे सगळं माझ्यावरच होतं. ऐरोलीच्या एका सल्लागार कंपनीत दीडपट पगार मिळतोय. नवरा म्हणतो, जा. मलाही जावंसं वाटतं, पण साहेब मला मुलीसारखं मानतात. विश्वास इतका, की त्यांचं डिजिटल सहीचं डोंगलसुद्धा माझ्याच खणात असतं. अशा माणसाला सोडून जाणं कृतघ्नपणा होईल का?
– एक वाचक, घणसोली

प्रिय मैत्रिणी,

सासूबाईंचा अबोला, पगार, कृतज्ञता यांवर तू मन मोकळं करून लिहिलंस आणि डोंगलचं एका वाक्यात उरकलंस. मला घोर लागलाय तो त्या वाक्याचा.

तुझ्याच पत्रातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघ. ३१ मार्चच्या रात्री साहेब साताऱ्याकडे होते. त्याच रात्री ठाण्यातून देयक सुटलं आणि उपयोगिता प्रमाणपत्र अपलोड झालं. मग सही कोणी केली? तू केलीस. पिनही तुला पाठ असणार, नाहीतर खणातलं डोंगल काही कामाचं नाही.

उद्या सकाळी ऑफिसात गेलीस की ते डोंगल साहेबांच्या हातात दे आणि लेखी पोच घे. नोकरी सोडायची की नाही, हे त्यानंतर.

मी इतकी घाई का करतेय, ते सांगते. त्या एवढ्याशा टोकनमध्ये साहेबांची कायदेशीर सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे ती किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याच्या नावे प्रमाणपत्र आहे त्याने घ्यायची असते. म्हणजे पहिली चूक साहेबांची, आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. पण त्याच कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. तुझ्या मनात अप्रामाणिकपणाचा लवलेश नव्हता, हे मला पत्रावरून कळतं. चौकशी अधिकाऱ्यापुढे मात्र तुझं पत्र नसेल. त्याच्यापुढे असेल सही केलेली पीडीएफ, तिच्यावर साहेबांचं नाव आणि रात्रीची वेळ, शेजारी साहेबांचा रजेचा अर्ज आणि त्या दिवशीची तुझी बायोमेट्रिक हजेरी. एवढे कागद एकत्र ठेवायला कुणाला फार हुशारी लागत नाही.

आणि ही सही साध्या पत्रावरची नाही. जीएफआर, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या १२-ए नमुन्यातलं यूसी तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल: मागची शिल्लक, तिच्यावरचं व्याज, सरकारजमा केलेलं व्याज, वर्षात आलेलं अनुदान मंजुरी क्रमांक आणि तारखेसह, एकूण उपलब्ध रक्कम, खर्च, अखेरची शिल्लक. या रकान्यांखाली जे छापलेलं असतं ते सहसा कोणी वाचत नाही. सही करणारा तिथे लिहून देतो की अनुदानाच्या अटी पाळल्या गेल्याची मी स्वतः खात्री केली आहे, आणि पैसा ठरलेल्या कामावरच गेला हे पाहायला अमुक अमुक तपासण्या केल्या आहेत. साहेबांनी त्या रात्री कुठल्या तपासण्या केल्या? यूसी उघडून तरी पाहिलं होतं का?

पीएफएमएसमध्ये, म्हणजे सरकारी पैसा सोडण्याच्या केंद्राच्या पोर्टलवर, देयक भरणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा ठेवलाय, तो उगाच नाही. अनुदानाच्या हिशेबातल्या चुका दमलेल्या माणसाला दिसत नाहीत, दुसऱ्याला चटकन दिसतात. ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेली उचल, म्हणजे मोबिलायझेशन अॅडव्हान्स, खर्चात धरला जातो, काम तर अजून झालेलंच नसतं. पंपहाउसच्या वीजजोडणीसाठी महावितरणकडे भरलेली सुरक्षा ठेव खर्च म्हणून जाते. दुसऱ्या यंत्रणेकडे नुसता वर्ग केलेला पैसा 'खर्ची पडला' असं लिहिलं जातं. एकाच जलवाहिनीचं बिल एकदा केंद्राच्या हिश्शात आणि एकदा महापालिकेच्या हिश्शात दाखवलं जातं, कारण दोन एक्सेल फायली दोन टेबलांवर असतात. बिल एक कोटीचं असतं, पण आयकर, जीएसटीची २ टक्के कपात, १ टक्का कामगार उपकर आणि अनामत वजा होऊन बँकेतून कमी रक्कम जाते. कपाती भरल्याची चलनं जोडली नाहीत, की यूसी आणि बँक स्टेटमेंट जुळत नाही. आणि व्याज! जीएफआर २०१७ च्या नियम २३० प्रमाणे अनुदानावरचं व्याज हिशेब पक्का झाल्याबरोबर भारताच्या संचित निधीत भरायचं असतं. मार्चच्या धावपळीत सगळ्यात आधी विसरला जाणारा रकाना तोच. तू एकटीच भरणारी आणि एकटीच सही करणारी असशील, तर यातलं काहीही सरळ पुढे जातं.

त्यात दबाव असतो तो वेगळाच. अमृत २.० या शहरी पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय योजनेत केंद्राचा हिस्सा २०:४०:४० अशा तीन हप्त्यांत येतो आणि आधीच्या हप्त्याचं यूसी गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. म्हणून मार्चमध्ये वरून फोन येतात, 'आकडा पूर्ण दाखवा, बाकीचं नंतर बघू.' हा फोन साहेबांनी घ्यायचा आणि नाही म्हणायचं तर त्यांनीच म्हणायचं. पद त्यासाठी आहे, पगारही. फोन त्यांनी घेतला आणि सही तुझ्या हातून झाली, तर नाही म्हणण्याची जागाच कुणाकडे उरली नाही.

लेखापरीक्षक येतात ते वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा. सरकारी अधिकाऱ्याची एका जागेवरची मुदत साधारण तीन वर्षांची. अर्धसमास, म्हणजे लेखापरीक्षकांचं आक्षेपाचं पत्र, येईल तेव्हा साहेब दुसऱ्या जिल्ह्यात असतील आणि 'मला आठवत नाही, ते काम कंत्राटी मॅडम बघायच्या' एवढं लिहून मोकळे होतील. ते दुष्ट असतील असं मी म्हणत नाही, पण घाबरलेली माणसं असंच लिहितात. मुलीसारखं मानणारा माणूस मुलीच्या खणात असली वस्तू ठेवत नाही. तुला तो विश्वास वाटला. मला त्यात एका मोठ्या पगाराच्या माणसाचा आळस दिसतो, आणि त्याची किंमत अकरा महिन्यांच्या करारावरच्या बाईच्या नावावर चढतेय.

आता उद्याचं. टोकनवर छापलेला क्रमांक आधी लिहून घे. दोन प्रतींत चिठ्ठी कर: 'मा. कार्यकारी अभियंता यांच्या नावे असलेलं डिजिटल स्वाक्षरी टोकन, क्रमांक अमुक, आज दिनांक अमुक रोजी त्यांच्या ताब्यात देत आहे. कृपया पोच द्यावी.' पदनाम जे असेल ते घाल. कारण लिहू नकोस, माफीही मागू नकोस. एका प्रतीवर त्यांची सही आणि तारीख घे आणि ती प्रत घरी ने, ऑफिसच्या कपाटात ठेवू नकोस. मग त्यांच्याच मशीनवर टोकन लावून द्यायचं आणि पिन त्यांच्या हातून बदलून घ्यायचा: टोकनचं सॉफ्टवेअर उघडायचं, पिन बदलण्याचा पर्याय, जुना एकदा, नवा दोनदा. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त जुना पिन लागोपाठ चुकला तर टोकन लॉक होतं, म्हणून सावकाश. नवा पिन टाकत असताना तू खोलीबाहेर उभी राहा.

ते म्हणतील, 'अगं, राहू दे तुझ्याकडेच, मी सारखा साईटवर असतो.' तू म्हण, 'साहेब, मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला मी सगळी कागदपत्रं एकत्र लावून ठेवते, तुम्ही वीस मिनिटं द्या.' प्रत्येक यूसीवर एक पान जोडून दे: मंजुरी क्रमांक, बँक स्टेटमेंटची अखेरची शिल्लक, व्याज भरल्याचं चलन, आणि ज्या आकड्याबद्दल तुला शंका आहे तो पेन्सिलने गोल केलेला. रजेवर जायचं असेल तर कार्यभार घेणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या डिजिटल सहीने काम करावं. त्या सहीची पोर्टलवर नोंदणी व्हायला दिवस जातात, म्हणून ती जानेवारीत करून घ्यावी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाही. साहेबांनी पोच द्यायला टाळाटाळ केली, तर डोंगल पाकिटात घालून सीलबंद कर, त्याच चिठ्ठीसह लेखाधिकाऱ्यांकडे दे आणि आवक क्रमांक घे. पाकीट घेऊन तुझ्या टेबलावर परत येऊ नकोस.

झालेल्या सह्यांचंही बघायला हवं, आणि हे तुला जड जाईल. पोर्टलवरून आणि सही केलेल्या पीडीएफच्या फोल्डरमधून यादी काढ: तारीख, कागद, रक्कम, साहेबांनी तो सहीआधी पाहिला होता की नाही. शेवटच्या रकान्यात खरं तेच लिही. मग त्यांच्यासमोर बसून एकेक कागद दाखव आणि त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक पानावर पेनाने सही-तारीख घे. त्याने जुनी चूक पुसली जात नाही, पण पैसा कुठे गेला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, एवढं तरी कागदावर येतं. ३१ मार्चचं यूसी सगळ्यात आधी काढ. आकडा चुकलेला सापडला, तर कारण लिहून सुधारित यूसी लगेच पाठवायला सांग. स्वतःहून सुधारलेला आकडा आणि लेखापरीक्षकाने पकडलेला आकडा यांना वेगळी वागणूक मिळते.

सासूबाई अख्खा मार्च तुझी मुलगी सांभाळतात. त्या बोलत नसतील तर तू बोल. एप्रिलमध्ये लागोपाठ दोन रविवार त्यांना घरकामातून पूर्ण सुट्टी दे आणि तसं आधी सांगून दे.

कृतघ्नपणाचं मनातून काढून टाक. तू त्या माणसाचं काम केलंस, त्याच्या वाटणीची जोखीमही वर्षानुवर्षं उचललीस. देणं असलंच तर त्याच्याकडून तुझं निघतं. ऐरोलीला जायचं तर खुशाल जा, पण टोकनची पोच, यादीवरच्या सह्या आणि पीएफएमएसवरचं तुझं लॉगिन बंद केल्याचा ईमेल, हे तिन्ही हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. अनुभवाच्या दाखल्यात यूसी, पीएफएमएस आणि अमृतचं काम स्पष्ट लिहून घे, नुसतं 'कार्यालयीन काम' नको. आणि नव्या कंपनीत तुझ्या सध्याच्या संस्थेचीच फाईल समोर आली, तर ती दुसऱ्याला द्यायला सांग.

उद्या आधी डोंगल. पोच मिळाली की मला कळव.